नौपाड्यातला स्पोकन इंग्लिश क्लास: ग्रामरच्या मॅडम एक नंबर, बाकी पॅकेज जपून घ्या

क्लासचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढे थोडं वाकडं पण लिहिणारे आणि मला त्यांच्या काउन्सेलर बाईंचे परत फोन नकोयत. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली झेरॉक्सवाला, एवढ्यावरून ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ठाण्यात स्पोकन इंग्लिश क्लासची काय कमी आहे का, स्टेशनबाहेर पडलं की बोर्डच बोर्ड, फाडफाड इंग्रजी बोला, आणि आत गेलं की सगळीकडे तेच, सेल्फ इंट्रोडक्शन, आवडता छंद, इंटरव्ह्यूला हात कसा मिळवायचा. हा पण बोर्डावरून तसलाच वाटतो. पण संध्याकाळच्या बॅचला ग्रामरला ज्या मॅडम आहेत ना त्यांच्यासाठी हे सगळं टाइप करतेय, आणि त्यातही एका टॉपिकसाठी, तो म्हणजे कुठल्या क्रियापदाला आयएनजी लावायचं आणि कुठल्याला नाही. ज्यांना लावत नाहीत, म्हणजे जी करणं नाही तर नुसती स्थिती सांगतात, त्यांना स्टेटिव्ह व्हर्ब्ज म्हणतात. वाचायला बोअर वाटेल पण थांबा जरा.

मी ऐरोलीला सपोर्टमध्ये आहे, दिवसभर यूके-यूएसवाल्यांशी कॉल आणि तिकिटं, म्हणजे त्यांच्या तक्रारींच्या नोंदी. आमच्याकडे सगळे शिकलेले, कुणाचं इंग्रजीवाचून काही अडत नाही, पण कॉलवर बसलात तर दर दोन मिनिटांनी ऐकाल, 'सर, आय ॲम नॉट हिअरिंग यू', 'वुई आर हॅविंग टू सर्व्हर्स', 'धिस फोल्डर इज कंटेनिंग ऑल लॉग्ज', 'आय ॲम नॉट नोइंग द पासवर्ड'. समोरच्याला कळतं सगळं, तो बिचारा काही बोलत पण नाही. मग नवीन मॅनेजर आली आणि तिने मेल लाल करून परत पाठवायला सुरुवात केली, बरं कारण काही सांगायची नाही, नुसतं लाल. शेवटी ऑफिसातल्या आम्ही काहीजणींनी ठरवलं की क्लास लावूया, नाहीतरी ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्यालाच उतरतो, स्टेशनबाहेरच्या सॅटीस पुलावरून चालत गेलं की गोखले रोड, घरी जायच्या वाटेवरच पडतं.

मला भीती होती की इथेही तेच होणार, बोर्डावर पन्नास क्रियापदांची यादी, नो, बिलीव्ह, ओन, बिलाँग, कन्सिस्ट, डिपेंड, प्रिफर, आणि खाली "यांना आयएनजी लागत नाही, पाठ करा". शाळेत असंच झालेलं. मॅडमनी यादी काढलीच नाही. बोर्डावर मधोमध रेघ मारली, डावीकडे लिहिलं 'मला दिसतंय', उजवीकडे 'मी बघतोय'. त्याच्याखाली 'मला ऐकू येतंय' आणि 'मी ऐकतोय'. मग 'मला वाटतं' आणि 'मी विचार करतोय'. आणि मार्कर खाली ठेवून म्हणाल्या, आता सांगा, डावीकडच्यात तुम्ही काही करताय का?

आणि खरंच की हो! दिसणं हे आपण करत नाही, डोळे उघडे आहेत म्हणून दिसतं. बघणं आपण करतो, नको वाटलं तर मान वळवतो. मराठीत 'मला' आणि 'मी'ने हा फरक आपण लहानपणापासून बिनचूक करतोय, कुणी शिकवलेलं नसताना. मला आवडतं, मला कळतं, मला आठवतं, मला पटतं, मला पाहिजे, मला माहितीय, ही सगळी 'मला'वाली मंडळी, आणि इंग्रजीत यातली बहुतेक सगळी स्टेटिव्ह निघतात, लाइक, अंडरस्टँड, रिमेंबर, अग्री, वाँट, नो. म्हणजे आय नो, आय ॲम नोइंग नाही. आणि 'मी'वाले बघणं-ऐकणं-विचार करणं, त्यांना खुशाल आयएनजी लावा, आय ॲम लुकिंग, आय ॲम लिसनिंग, आय ॲम थिंकिंग. कॉलवर आवाज येत नसेल तर 'आय कान्ट हिअर यू', कारण ऐकू येत नाहीये, तुम्ही काही करत नाही आहात. इंग्रजीत या दिसण्या-ऐकू येण्याला सहसा कॅन जोडतात, हे पण तिथेच कळलं. आमच्या टीमचा अर्धा प्रॉब्लेम त्या एका रेघेत सुटला.

मॅडमनी लगेच हेही सांगितलं की ही युक्ती सगळीकडे चालत नाही, आणि मला ते जास्त आवडलं, कारण बाकीचे सर लोक आपली युक्ती म्हणजे देववाणी असल्यासारखं सांगतात. आता 'मी त्याला ओळखतो' यात 'मी' आहे, पण इंग्रजीत तिथे नो येतं आणि ते स्टेटिव्हच. विश्वास 'मी' ठेवतो, तरी बिलीव्हला आयएनजी नाही. उलट 'मला उशीर होतोय' किंवा 'मला कंटाळा येतोय' यात 'मला' असून गेटिंग लेट, गेटिंग बोअर्ड आरामात चालतं, कारण तिथे काहीतरी बदलत चाललंय. वस्तू कुणाच्या मालकीची, कशात काय आहे, किती वजन, किती किंमत, हे सगळं 'मला'च्या बाहेरचं, ते वेगळं लक्षात ठेवायचं. तरी पण सुरुवात करायला 'मला' पुरेसा आहे.

मग प्रश्न आला की आपण सगळे तिथे आयएनजी लावतोच का. एका काकांनी सांगितलं, सवय. मॅडम म्हणाल्या, सवय कुठून आली ते बघा. 'मी जेवत आहे' याच्या शेवटी आहे, 'मला माहीत आहे' याच्याही शेवटी आहे. बोलताना दोन्ही आखडतात, जेवतोय, माहितीय, ऐकायला सारखंच. मग डोक्यात गणित बसतं की शेवटी आहे आलं की इंग्रजीत ॲम अधिक आयएनजी. शिवाय 'मला वाटतंय', 'मला कळतंय', 'आवडतंय मला' असं आपण सर्रास म्हणतो, मराठीत ते चुकीचं नाहीच, ते तसंच उचलून इंग्रजीत ठेवलं की झालं आय ॲम अंडरस्टँडिंग. आणि हे फक्त मराठी माणसाचं नाही, हिंदी, गुजराती, तमिळ बोलणारे सगळेच करतात, भारतीय इंग्रजीवर जे अभ्यासक लिहितात ते हा त्याचा एक ठळक विशेष म्हणून नोंदवतात. म्हणजे लाज वाटायचं काही कारण नाही, फक्त कुठे चालेल नि कुठे खटकेल हे माहीत असावं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'पासून'वर, आणि जायलाच पाहिजे होता. आमची पिढी पाचवीपासून इंग्रजी शिकलेली, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्यामुळे आमच्या डोक्यात जे काही आहे ते सूत्रांनी भरलेलं, आणि त्यातलं सगळ्यात पक्कं सूत्र म्हणजे वाक्यात 'पासून' दिसलं की हॅज बीन किंवा हॅव बीन लिहा, मग आयएनजी, मग सिन्स नाहीतर फॉर. आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१५, बरोबर. पण त्याच साच्यात 'मी त्यांना २०१५ पासून ओळखते' घातलं की बाहेर पडतं आय हॅव बीन नोइंग हिम, आणि लिहिणारा खूश की बघा मी किती अवघड टेन्स वापरला. तिथे आय हॅव नोन हिम सिन्स २०१५ एवढंच. तसंच गाडी पाच वर्षं आहे तर आय हॅव हॅड धिस कार फॉर फाइव्ह इयर्स, आता हे हॅव हॅड बॅचमध्ये कुणाला पचेना, दोनदा कसं काय येतं म्हणून वाद, मॅडमनी शांतपणे परत परत वेगवेगळी वाक्यं दिली, ताप दोन दिवसांपासून आहे, चावी माझ्याकडे सोमवारपासून आहे, असं करत करत बसलं डोक्यात. हा भाग यूट्यूबवर बघून येणार नाही, तिथे कुणीतरी अडवणारं लागतं.

बॅच पण मजेशीर होती. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला असलेले एक दादा होते, त्यांना बाहेरच्या कस्टमरला रिपोर्ट पाठवावे लागतात. त्यांचं वाक्य होतं, द जॉब इज वेइंग फोर केजी, जॉब म्हणजे त्यांच्याकडे बनवायला घेतलेला पार्ट. मॅडमनी विचारलं काटा कोणाकडे आहे? म्हणाले माझ्याकडे. मग वजन कोण करतंय? मी. मग जॉब काय करतोय? दादा दोन सेकंद थांबून म्हणाले, जॉब काही करत नाही, पडून आहे. सगळी बॅच हसली पण उत्तर त्यांनीच दिलं होतं, आय ॲम वेइंग द जॉब, द जॉब वेज फोर केजी. मग त्यांच्याच धंद्यातलं अजून एक काढलं, शाफ्ट होलमध्ये बसतोय, द शाफ्ट फिट्स, आणि कामगार शाफ्ट बसवतोय, ही इज फिटिंग द शाफ्ट. ब्रेकमध्ये टपरीवरून कटिंग आली तर त्यावरही, द टी टेस्ट्स स्वीट, पण साखर बघायला घोट घेतला तर आय ॲम टेस्टिंग इट. असं एकच क्रियापद दोन्हीकडे उड्या मारतं हे एकदा दिसलं की यादी पाठ करायची गरजच राहत नाही.

हॅवचंही तसंच. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स म्हटलं तर गोरा माणूस दचकेल, खरंतर जेवतोय की काय वाटेल, कारण हॅविंग लंच, हॅविंग टी हे खाण्यापिण्याचं आहे. वुई आर हॅविंग अ पार्टी चालतं, वुई आर हॅविंग ट्रबल विथ द नेटवर्क पण एकदम नीट, कारण ते चालू आहे, घडतंय. सर्व्हर, भाऊ, फ्लॅट, ताप, डाउट, हे नुसतं आहे, तिथे हॅव. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी रोज टाकतात 'वुई आर नॉट हॅविंग वॉटर टुडे', मी आता वाचलं की हसू येतं पण बोलत नाही, पाणी येत नाहीये हे महत्त्वाचं.

एका पोराने अपेक्षेप्रमाणे बर्गरवाल्यांची जाहिरात काढलीच, मग आय ॲम लविंग इट कसं काय? प्रत्येक बॅचला हा प्रश्न येतो म्हणे. मॅडमनी सांगितलं की मॅकडोनाल्ड्सची ती जाहिरात २००३ ची, सुरुवात झाली जर्मनीत म्युनिकला, आणि तिथे लविंग मुद्दाम आहे, आत्ता या घासाला मजा येतेय असं. बोलण्यातल्या इंग्रजीत असं करतात लोक, हाऊ आर यू लायकिंग द न्यू जॉब असं विचारतात, म्हणजे नवीन आहे, मत अजून बनतंय. आणि बी या क्रियापदाचं तर फारच भारी, ही इज रूड म्हणजे माणूसच उद्धट, ही इज बीइंग रूड म्हणजे एरवी बरा आहे, आत्ता तसा वागतोय. त्यामुळे क्लायंटबद्दल लिहिताना बीइंग लावा, भांडण कमी होईल हे माझं म्हणणं, मॅडमचं नाही. आणि आय वॉज वंडरिंग, आय ॲम होपिंग, हे पण चालतं, उलट त्याने विनंती जरा मऊ होते, मेलमध्ये मी आता तेच वापरते.

एक काका होते, निवृत्त, त्यांचं म्हणणं नियम म्हणजे नियम, बदलत नसतो. तर त्यांना मॅडमनी सांगितलं की पूर्वी घर बांधलं जात असेल तर इंग्रज लोक द हाउस इज बिल्डिंग असं म्हणायचे, इज बीइंग बिल्ट हे अठराव्या शतकाच्या शेवटी यायला लागलं आणि एकोणिसाव्या शतकात जुन्या लोकांनी त्यावर नाकं मुरडली होती. आज घोडबंदरला जाऊन टॉवरकडे बोट दाखवून इज बिल्डिंग म्हणा बरं. काका गप्प, पण दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट आम्हाला परत सांगत होते, जणू त्यांचीच.

मॅडमच्या हँडआउटमध्ये झेनो व्हेंडलर नावाचे एक तत्त्वज्ञ पण आहेत, त्यांनी १९५७ साली क्रियापदांचे चार गट मांडले, नुसती स्थिती, चालू राहणारी क्रिया, शेवट असलेलं काम आणि एका क्षणात होणारी गोष्ट. मॅडमनी उदाहरणं इथली दिली, ठाणं माहीत असणं, चालणं, स्टेशनपर्यंत चालत जाणं, लोकल मिळणं. आणि सोपी कसोटी, 'काय करतोयस?' या प्रश्नाला ते उत्तर म्हणून चालतं का बघा. काय करतोयस, चालतोय, ठीक. काय करतोयस, ठाणं माहीत असतोय, मराठीतच चालत नाही! मला हे पान आवडलं, बऱ्याच जणांनी वाचलंही नाही.

यातून एक नवीनच भानगड झाली ती पण सांगते. हा टॉपिक झाल्यावर काही जण आयएनजीला इतके घाबरले की जिथे हवं तिथेही काढून टाकायला लागले. व्हेअर आर यू? आय वेट फॉर यू ॲट तीन हात नाका. अरे, वेटिंग! वाट बघतोस ना तू, करतोयस ना काहीतरी! मॅडमनी पुढचा एक अख्खा तास यावर घालवला. दुसऱ्या कुणी सिलॅबस पुढे ढकलला असता.

आता वाकडं. बॅच छोटी म्हणून सांगतात, तशी नसते, बाकाला बाक लावून बसतो आणि मागच्या रांगेत एसी पोचत नाही. मधे दोन बॅच एकत्र केल्या, आधी सांगितलं नाही, विचारलं तर काउन्सेलर बाई म्हणाल्या इंटरॅक्शन वाढेल. त्यांचं ॲप तर कृपया घेऊ नका. त्यात याच टॉपिकचा व्हिडिओ आहे, अमेरिकन आवाजात, आणि त्यात सरळ सांगितलंय की या क्रियापदांना आयएनजी कधीच म्हणजे कधीच लावू नका. टेस्टमध्ये आय ॲम थिंकिंग ऑफ चेंजिंग माय जॉब याला चूक दाखवतं! अहो विचार चालू आहे ना, बरोबरच आहे ते. एका मुलीने आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो लिहिलं त्यालाही लाल, आणि ते पण बरोबर आहे, तिथे सीइंग म्हणजे भेटणं. मॅडमना दाखवलं तर त्यांनी डोक्याला हात लावला, ऑफिसात तक्रार केली, अजून तसंच आहे. वर्गात एक आणि मोबाइलवर उलटं, असं असेल तर नवीन माणसाने काय धरायचं?

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा जो भाग पॅकेजमध्ये आहे तो वेळेचा अपव्यय, आरशासमोर बोला, रोज दहा नवीन शब्द, हे घरी पण करता येतं. सर्टिफिकेट छान जाड कागदावर मिळतं, त्याला कुणी विचारत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं फार येतात, म्यूट करा.

कुणासाठी आहे म्हणाल तर, ज्यांना इंग्रजी येतंच, कामापुरतं बोलतात पण लिहिताना लाल होऊन परत येतं, त्यांच्यासाठी फारच छान. एक पोरगा आयईएलटीएससाठी, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी आला होता, त्याला मॅडमनी सांगितलं की बोलण्याच्या परीक्षेत चार गोष्टी बघतात आणि ग्रामरचा वाटा एक चतुर्थांश, त्यामुळे ॲक्सेंटमागे लागण्याआधी हे निस्तर, तो बराच सुधारला. एक ताई मुलाच्या इंग्लिश मीडियम शाळेत मीटिंगला बोलायचं म्हणून आलेल्या, त्यांनी शेवटी शेवटी माय सन डझन्ट अंडरस्टँड फ्रॅक्शन्स असं इतक्या सहज म्हटलं की टाळ्या पडल्या. पण ज्यांना एबीसीपासून सुरुवात करायचीय त्यांनी इथे येऊ नका, मॅडमचा वेग त्यांना झेपणार नाही, आणि सकाळच्या बॅचला जे सर आहेत ते यादीच पाठ करून घेतात असं ऐकलंय.

फी पूर्ण पॅकेजची ९,००० सांगतात, नुसतं ग्रामर मागितलं तर आधी असं काही नाहीच म्हणतात, जरा खुर्चीत बसून राहा, ४,००० ला देतात. डेमोला जाल तेव्हा संध्याकाळचाच मागा आणि मॅडमच घेणार का ते आधी विचारून घ्या, पैसे दोन हप्त्यांत द्या, पहिला हप्ता देताना ॲपचे वेगळे लावलेत का ते पावतीवर बघा. गाडी नेऊ नका, गोखले रोडला संध्याकाळी पार्किंग मिळणं अशक्य आहे, स्टेशनहून दहा मिनिटं चालत.

मॅडमना ५ पैकी ५, क्लासला ३.